बिटकॉइन: फक्त 2 कोटी 10 लाख

(दृश्य: संविधान चौक, सकाळची रहदारी. मागे रिझर्व्ह बँक.)

बरेच नागपूरकर या चौकाला अजून आरबीआय चौकच म्हणतात. रिझर्व्ह बँकेचं जे सोनं देशात आहे, ते दोन शहरांतल्या तिजोऱ्यांत असतं. एक मुंबई, दुसरं आपलं नागपूर.

1991 मध्ये देशाची परकीय गंगाजळी आटली, तेव्हा जवळपास 47 टन सोनं परदेशी बँकांकडे गहाण टाकून डॉलर उभे करावे लागले. दुर्मीळ वस्तू जवळ असली की अडीनडीला अशी कामी येते. पण मार्च 2025 अखेर रिझर्व्ह बँकेकडे 879 टन सोनं होतं आणि तरीही परकीय चलनसाठ्यात त्याचा वाटा 12 टक्क्यांच्या आतच होता. बाकी सगळं मुख्यतः परदेशी रोख्यांत आणि ठेवींत.

(दृश्य: मिहान परिसरातली चहाची टपरी.)

वर्धा रोडनं मिहानकडे, म्हणजे विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पाकडे आलं, की टपरीवर वेगळ्याच सोन्याची चर्चा. बिटकॉइन. 2009 मध्ये सुरू झालेलं हे डिजिटल चलन 2 कोटी 10 लाख नाण्यांच्या पुढे जाणार नाही, असा त्याचा नियमच आहे. साधारण दहा मिनिटांनी व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, तयार होतो. सुरुवातीला एका ब्लॉकमागे 50 नवी नाणी निघत. दर चार वर्षांनी निम्मी होत एप्रिल 2024 पासून ती 3.125 वर आली. नोटा छापता येतात, हे छापता येत नाही. "मग बाकी कशात कशाला पैसे टाकायचे?" असं पोरं विचारतात. मुद्दा पोकळ नाही.

फक्त नागपूरला तो नवा नाही.

(दृश्य: लेआउट, कुंपणाचे दगड, वाढलेलं गवत.)

"जमीन काय नवी बनते का बाप्पा?" असं म्हणत इथल्या एका पिढीनं पगारातून वाचवून प्लॉट घेतले. मिहानचं नाव निघाल्यावर तर विचारूच नका. प्लॉट नियमित असल्याचं पत्र, म्हणजे आरएल, आहे का, हे काहींना सौदा झाल्यावर आठवलं. जमीन तेव्हाही मर्यादित होती, आजही आहे. पण मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची वेळ आली, तेव्हा अनेकांना गिऱ्हाईक मिळेना.

बिटकॉइनला गिऱ्हाईक रात्री दोनलाही मिळतं. अडतं ते भावापाशी. नोव्हेंबर 2021 मध्ये एक नाणं 69,000 डॉलरच्या आसपास होतं. वर्षभरात ते 16,000 च्या खाली आलं. त्या वर्षात 2 कोटी 10 लाखांची मर्यादा कुणी बदलली नव्हती. डिसेंबर 2024 मध्ये भाव एक लाख डॉलरच्या वर गेला. मधल्या काळात ज्याला पैशाला हात लावावा लागला नाही, तो आज टपरीवर छाती फुगवून सांगतो. ज्याला 2022 च्या डिसेंबरात वडिलांच्या ऑपरेशनसाठी विकावं लागलं, तो या गप्पांत बसत नाही.

समजा, बचत दहा लाख. सगळी बिटकॉइनमध्ये टाकली आणि भाव तीन चतुर्थांश पडला, तर हातात अडीच लाख. एकच लाख टाकला असता, तर तोटा 75 हजारांचा. घर चालू राहतं. आणि भाव तिप्पट झालाच, तर त्या एका लाखाचे तीन होतात. आम्हाला हा दुसरा सौदा बरा वाटतो. त्यातही सहा महिन्यांचा घरखर्च आणि दोन-तीन वर्षांत लागणारी फी आधी बाजूला काढून.

(दृश्य: इतवारी, सराफा ओळ.)

"मी पाच वेगवेगळे कॉइन घेतले, झालं की पैशांचं वाटप!" असंही ऐकू येतं. बाजार कोसळतो तेव्हा हे पाचही बहुधा एकत्रच लोळतात. वर आपल्याकडे 2022 पासून यातल्या नफ्यावर सरळ 30 टक्के कर आणि त्यावर सेस आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनसुद्धा वजा होत नाही.

या करामुळे भाव वाढलेलं नाणं विकून बचतीचं वाटप पुन्हा ठरल्याप्रमाणे करणं महाग पडतं. बिटकॉइनसाठी ठरवलेल्या दहा टक्क्यांचे वीस झाले, तर विकण्याआधी एक करता येतं: पुढची बचत बिटकॉइनऐवजी एसआयपी, पीपीएफ किंवा या ओळीतल्या सोन्याकडे वळवायची. बिटकॉइनचा वाटा हळूहळू खाली येतो आणि न विकलेल्या नाण्यावर कर लागत नाही.