बोटावरचं गॉज: लासा तापाचा माग आणि तीन नर्सेस

[दृश्य: लोखंडी पलंग, इनॅमलचं भांडं, त्यात गॉजच्या घड्या]

रुग्णाचं तोंड साफ करणं नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच शिकवतात. गिळता येत नसेल तर घशात लाळ आणि चिकट स्राव साचतो, श्वास अडतो. मग बोटाला गॉज गुंडाळायचं, गालांच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हलक्या हातानं फिरवायचं, भिजलं की बदलायचं.

२५ जानेवारी १९६९ रोजी नायजेरियातल्या जॉस शहरात, मिशनच्या रुग्णालयात, शार्लट शॉ या नर्सनं हेच केलं. त्यांच्या बोटाला बारीकशी जखम होती. रुग्णाचं तोंड आणि ती जखम यांच्यामध्ये होतं फक्त गॉज. आणि गॉज विणलंच जातं ओल शोषून घेण्यासाठी. ते ओल अडवत नाही, त्वचेशी धरून ठेवतं.

समोरच्या रुग्णही नर्सच होत्या. लॉरा वाइन. देशाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या लासा नावाच्या गावी मिशनच्या छोट्या रुग्णालयात त्या काम करत. आधी पाठदुखी, मग घसा. घशात व्रण दिसू लागले, पेनिसिलिननं फरक पडेना. छोट्या विमानानं त्यांना जॉसला आणलं. दुसऱ्याच दिवशी त्या गेल्या. त्यांना झालेल्या तापाला तेव्हा नावही नव्हतं. आज त्याला लासा ताप म्हणतात.

[दृश्य: फेब्रुवारी १९६९ चं कॅलेंडर, तारखांभोवती एकेक वर्तुळ]

आता तारखा नीट पाहू. ३ फेब्रुवारीला शॉ यांना थंडी वाजून ताप आला. १३ फेब्रुवारीला, आजाराच्या अकराव्या दिवशी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या लिली पिनिओ, सगळे त्यांना पेनी म्हणत, शवविच्छेदनाच्या वेळी डॉक्टर जीनेट ट्रूप यांच्या मदतीला उभ्या होत्या. २० फेब्रुवारीला पिनिओंना ताप आला.

साथरोगाच्या अभ्यासात या तारखांना मोठी किंमत असते. वाइन जॉसमध्ये जेमतेम एक दिवस होत्या, म्हणजे शॉ यांचा संपर्क नेमका त्या एका दिवसाचा. तिथून तापापर्यंत आठ-नऊ दिवस. पिनिओंचा हिशोब इतका सरळ नाही. शॉ आजारी पडल्यापासून शवविच्छेदनापर्यंत त्या रोज जवळ होत्या, म्हणून त्यांच्या शरीरात रोग दबा धरून राहिला तो काळ ७ दिवसांपासून १७ दिवसांपर्यंत कितीही असू शकतो. आज लासा तापाचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, साधारण १ ते ३ आठवडे धरतात. पहिल्या दोन-तीन रुग्णांतच त्याचा अंदाज बांधता येत होता. कोण कधी कुणाजवळ होतं आणि कुणाला कधी ताप चढला, हे तारखेनिशी माहीत होतं म्हणूनच ते जमलं.

गावात याआधी कुणाला हा आजार झालाच नसेल असं नाही. बहुधा अनेकांना झाला असेल. पण सुरुवातीचा ताप, अंगदुखी, घसा हे सगळं मलेरियासारखं, टायफॉइडसारखं दिसतं. मलेरियावरचं क्लोरोक्विन द्यायचं, पेनिसिलिन द्यायचं, बरा झाला तर झाला. तीन नर्सेस एकामागून एक, ठरावीक अंतरानं आजारी पडल्या तेव्हा दिसलं की हे माणसाकडून माणसाकडे जातंय.

[दृश्य: प्रवासी विमानाचा आतला भाग, ओढलेला पडदा]

पिनिओंना आधी लागोसला आणि तिथून न्यूयॉर्कला नेलं. प्रवासी विमानातल्या पहिल्या वर्गाचा भाग पडद्यानं वेगळा केला होता, सोबत एक नर्स होती. आजच्या नियमांत हे बसणार नाही, त्या काळी एवढंच शक्य होतं. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर जॉन फ्रेम होते. परदेशी मिशनमध्ये काम करणाऱ्यांना येणाऱ्या, निदान न झालेल्या तापांचे रक्तनमुने ते येल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेशी मिळून जमवत होते. त्यामुळे नमुना कुठे पाठवायचा हे ठरलेलंच होतं.

येलमध्ये सोन्या बकली यांनी तो नमुना माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या व्हेरो पेशींवर टाकला. निरोगी पेशी काचेच्या तळाशी एकसंध थर धरून बसतात. विषाणू असेल तर काही दिवसांत त्या गोल होतात, सुटतात, थराला भोकं पडतात. इथे तसंच झालं. विषाणू नवा होता. गावाच्या नावावरून त्याला लासा म्हणू लागले. त्या गावानं कुणाचंच काही बिघडवलं नव्हतं, पण नाव चिकटलं ते कायमचं.

पिनिओ अनेक आठवड्यांनी बऱ्या झाल्या. आणि जूनमध्ये येलमध्ये त्याच विषाणूवर काम करणारे शास्त्रज्ञ जॉर्डी कासाल्स आजारी पडले.

[दृश्य: प्लाझ्माची पिशवी, पिवळसर द्रव, थेंब थेंब उतरणारी नळी]

त्यांना पिनिओंचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव भाग, देण्यात आला. कासाल्स वाचले. ही गोष्ट सांगताना लोक इथेच थांबतात. थांबू नये, कारण पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. एका रुग्णावरून उपचार सिद्ध होत नाही. पुढे सिएरा लिओनमधल्या मोठ्या अभ्यासात बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा दिला, तेव्हा मृत्यू कमी झाले नाहीत. कारण लासा तापात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं फार उशिरा तयार होतात, बरं झाल्यावर कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनी. घाईनं घेतलेल्या प्लाझ्मात ती पुरेशी नसतात. शिवाय एका भागातल्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्या भागातल्या विषाणूवर तितकीशी चालत नाहीत. पिनिओंच्या आजाराला जूनपर्यंत चारेक महिने होत आले होते आणि कासाल्स यांना झालेला विषाणू मूळचा त्याच साखळीतला. योग जुळले होते, एवढंच खात्रीनं म्हणता येतं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये येलमधलेच एक तंत्रज्ञ, हुआन रोमान, लासा तापानं गेले. ते या विषाणूवर काम करतही नव्हते. त्यानंतर येलनं जिवंत विषाणूवरचं काम थांबवलं आणि ते अटलांटाच्या अधिक बंदिस्त प्रयोगशाळेकडे गेलं. १९७० च्या सुरुवातीला जॉसमध्ये पुन्हा साथ आली. शवविच्छेदन करताना झालेल्या जखमेतून डॉक्टर ट्रूप यांना लागण झाली आणि फेब्रुवारीत त्यांचा मृत्यू झाला. पिनिओ त्याच वर्षी पुन्हा नायजेरियात गेल्या. १९७२ मध्ये सिएरा लिओनमधल्या पाहणीत कळलं की विषाणूचं घर म्हणजे मॅस्टोमिस जातीचा उंदीर. तो घरात, धान्याच्या आसपास वावरतो आणि त्याच्या लघवीतून विषाणू बाहेर पडतो.

[दृश्य: वॉर्डचा दरवाजा, बाहेर दोन बादल्या, एकीवर लाल पट्टी]

उंदीर विषाणू घरात आणतो. रुग्णालयात तो पसरतो तो आपल्या हातांनी आणि आपल्या सुयांनी. १९८९ मध्ये नायजेरियातल्या दोन रुग्णालयांत एकच सिरिंज अनेकांना वापरल्यामुळे साथ उसळली. रुग्णांबरोबर नर्सेस आणि सर्जनही आजारी पडले.

म्हणून या दोन बादल्या. ५ टक्के क्लोरीनचं ब्लीच घ्या. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, हे झालं ०.५ टक्क्याचं तीव्र द्रावण. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नऊ भाग पाणी, हे ०.०५ टक्क्याचं सौम्य. सांडलेलं रक्त, उलटी, शौच यांवर तीव्र. हातमोजे घातलेले हात, चादरी, थर्मामीटर यांसाठी सौम्य. चुका ठरलेल्या असतात. कुणी कालचं द्रावण आज वापरतं, पण उन्हात आणि उघड्यावर क्लोरीन उडून जातो, द्रावण रोज नवं करावं लागतं. कुणी रक्ताच्या थारोळ्यावर थोडंसं शिंपडून लगेच पुसतं. रक्तातला सेंद्रिय भाग क्लोरीन संपवून टाकतो, विषाणू तसाच राहतो. भरपूर ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. आणि सगळ्यात जास्त चुका होतात गाऊन, मोजे, चष्मा उतरवताना. कामाची पाळी संपलेली असते, घामानं डोळे चुरचुरत असतात, आणि हात नकळत चेहऱ्याकडे जातो.

तापाच्या तक्त्यावरची पहिली नोंदही इथे जीव वाचवू शकते. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिएरा लिओनच्या अभ्यासात, रक्तातलं यकृताचं एक एन्झाइम, एएसटी, १५० युनिट किंवा त्याहून वर गेलेल्या गंभीर रुग्णांना शिरेतून रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध दिलं. पहिल्या सहा दिवसांत सुरू केलं तर मृत्यू ५ टक्के. सातव्या दिवशी किंवा त्यानंतर सुरू केलं तर २६ टक्के. औषध न मिळालेल्यांत ५५. त्या अभ्यासाच्या मांडणीवर आज आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत, औषधाचा नेमका फायदा किती यावर वाद चालू आहे. पण सहावा दिवस की सातवा, हे ठरवायचं तर ताप कधी सुरू झाला ते कुणीतरी रुग्णाला, नातेवाइकांना खोदून खोदून विचारून लिहून ठेवलेलं असायला हवं.

त्या उपचाराची मात्रा अशी होती: आधी २ ग्रॅम, मग दर ६ तासांनी १ ग्रॅम, ४ दिवस. मग दर ८ तासांनी अर्धा ग्रॅम, ६ दिवस. एकूण ३५ वेळा. म्हणजे दहा दिवस, रात्रंदिवस, ३५ वेळा एक नर्स पूर्ण गाऊन चढवून त्या पलंगाशी जाते, नळी तपासते, औषध सोडते, आणि परत येताना दरवाजाशी थांबून आधी मोजे सौम्य द्रावणात बुडवते.