गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शननंतर अँजिओग्राफी नेमकी कधी?

मेजर अटॅक आला, तालुक्याच्या दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, छातीत दुखायचं थांबलं. आता घरचे विचारतात, बरं वाटतंय तर अँजिओग्राफी कशाला? दुसरे म्हणतात, आत्ताच्या आत्ता स्टेंट टाका. दोन्ही चुकीचं आहे. का, ते बघू.

आपण स्टेमीबद्दल बोलतोय. ईसीजीत एसटी भाग वर उचललेला, म्हणजे हृदयाची एक रक्तवाहिनी बहुतेक पूर्ण बंद. स्नायू आतल्या थरापासून बाहेर मरत जातो, म्हणून दवाखान्यात आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे.

पहिली पसंती थेट अँजिओप्लास्टीलाच. पण निदानापासून 120 मिनिटांत अँजिओप्लास्टीची बारीक तार गुठळीपलीकडे गेली पाहिजे. तार, बरं का, मोठ्या हॉस्पिटलचं गेट नाही! इथेच हिशोब चुकतो. रस्ता दीड तासाचा, अँब्युलन्स यायला वीस मिनिटं, रात्री कॅथलॅबची (अँजिओप्लास्टी होते त्या खोलीची) टीम घरून यायला अर्धा तास: झाले 140.

असं दिसत असेल तर इंजेक्शन तिथेच, 10 मिनिटांत. टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा डोस वजनावर ठरतो: 60 किलोच्या खाली 30 मिलिग्रॅम, मग दर 10 किलोंना 5 वाढवत 90 च्या पुढे 50. वय 75 किंवा जास्त असेल तर निम्मा डोस, कारण मेंदूत रक्तस्रावाची भीती. पूर्वी असा रक्तस्राव झाला असेल तर इंजेक्शन नाहीच. कितीही लांब असली तरी कॅथलॅबच गाठायची.

इंजेक्शन दिलं की गाडी निघालीच पाहिजे, निकालाची वाट बघत बसायचं नाही. 60 ते 90 मिनिटांनी पुन्हा ईसीजी. एसटी निम्म्यानेही खाली आला नाही, दुखणं चालूच आहे, किंवा बीपी कोसळतोय? मग लगेच अँजिओप्लास्टी.

एसटी खाली आला, रुग्ण स्थिर आहे, तर इंजेक्शनपासून 2 ते 24 तासांत अँजिओग्राफी. आधी का नाही? गुठळी विरघळताना थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारा घटक) मोकळं होतं, प्लेटलेट्स चवताळतात, नव्या स्टेंटवर पुन्हा गुठळी धरते. शिवाय औषध अंगात असल्याने रक्तस्राव होतो. 2006 च्या असेंट-4 चाचणीत इंजेक्शनपाठोपाठ अँजिओप्लास्टी केलेल्या गटात हॉस्पिटलमधले मृत्यू जास्त दिसले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली.

आणि उशीर का नको? गुठळी गेली, पण चरबीचा फुटलेला थर तिथेच आहे. वाहिनी पुन्हा बंद होऊ शकते.

आठवड्याने आलेल्याचं मात्र वेगळं. वाहिनी पूर्ण बंद, पण दुखणं नाही, प्रकृती स्थिर, अशा रुग्णांत 3 ते 28 दिवसांदरम्यान ती उघडून मृत्यू किंवा पुढचा अटॅक कमी झाला नाही, हे 2006 च्याच ओट चाचणीत दिसलं.

नातेवाइकांनो, इंजेक्शनचं नाव, डोस आणि दिल्याची वेळ रेफरल चिठ्ठीवर लिहून घ्या, पहिला ईसीजीही सोबत ठेवा. कॅथलॅबमध्ये पुढची वेळ त्यावरूनच ठरते.