जॅझ ऐकावं तर लहान खोलीत

श्रोतेहो, नमस्कार.

जॅझ म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पंचतारांकित हॉटेल येतं, नाहीतर जुन्या हिंदी चित्रपटातला क्लब. मी आज आग्रह धरणार आहे तो चाळीस-पन्नास खुर्च्यांच्या जागेचा. एखादं कॅफे, एखाद्या बारचा वरचा मजला. पहिलं टेबल वादकांपासून इतकं जवळ, की समोरची स्वरलिपीसुद्धा वाचता यावी. हे संगीत पुरतं कळतं ते अशाच ठिकाणी.

संथ गत सुरू झाली की ड्रमवादक काठ्या बाजूला ठेवतो आणि बारीक तारांचे ब्रश हाती घेतो. ते तो ड्रमवर गोल गोल फिरवतो, आणि त्या सळसळीतून लय चालू राहते. मोठ्या सभागृहात हा नाद स्पीकरमधून येतो आणि सपाट होऊन जातो. लहान खोलीत तो थेट कानावर येतो. डबल बेसच्या तारेवर बोट पडतं तो ठोकासुद्धा ऐकू येतो. त्याहून मोलाच्या आहेत खुणा. सॅक्सोफोनवाल्यानं स्वतःच्या डोक्याला हात लावला, तर समजायचं, आता सगळे मूळ धुनेवर परतणार. चार बोटं दाखवली, तर चार-चार बारचे सवाल-जवाब होणार, बहुधा ड्रमशी. बार म्हणजे इथं तालाचा एक छोटा खंड, बहुधा चार मात्रांचा. हे सगळं आयत्या वेळी ठरतं, आणि ते ठरताना आपण समोर बसलेले असतो.

बैठकीत गाणं ऐकलेल्या मराठी कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. पुष्कळ जॅझ धुना बत्तीस बारच्या असतात, ब्लूज बहुतेक बारा बारचे. आवर्तन फिरावं तशी ती चौकट पुन्हा पुन्हा फिरते आणि तिच्यावर एकेक वादक आपली बढत करतो. चुकल्यासारखं वाटलं तर बेस धरा, तो वाट सोडत नाही. आणि एखाद्याची बढत रंगली, तर धून संपायची वाट न पाहता टाळी द्या. इथं तीच दाद आहे.

मुंबईला हे नवीन नाही. १९३५ साली लिओन ॲबी हा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. तो पुढं भारतातच राहिला आणि १९४५ साली कोलकात्यात वारला. या मंडळींकडून जॅझ उचललं ते गोव्याच्या पोरांनी. चर्चच्या शाळांमध्ये त्यांचं स्वरलेखन आणि व्हायोलिन पक्कं झालेलं होतं. मुंबईत येऊन गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, पथारी टाकायची आणि बँडमध्ये जागा मिळवायची, असा तो काळ. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवायचे. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणायची, भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायची. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ सालच्या ‘अलबेला’त जो उसळता ठेका आणला, त्यात चिक चॉकलेट यांचा वाटा आहे. त्यांचा बँड त्या चित्रपटाच्या पडद्यावरही दिसतो.

मला अधिक ओढ आहे ती त्यानंतरच्या चर्चगेट स्ट्रीटची. आज आपण त्याला वीर नरिमन रोड म्हणतो. पन्नास-साठच्या दशकांत या एका रस्त्यावर आणि त्याच्या आसपास रेस्टॉरंटमागून रेस्टॉरंटमध्ये बँड वाजत होते. अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या व्हेनिस या रेस्टॉरंटमध्ये ख्रिस पेरी वाजवत. लोर्ना त्यांच्यासोबत गात, आणि पुढं या जोडीनं कोंकणी गाण्याला नवं रूप दिलं. दारूबंदीच्या त्या काळातही कॉफीच्या कपावर संगीत ऐकणारी कॉलेजची मुलं होती. नंतर डिस्को आलं. तबकड्या लावणारा एक माणूस मालकाला पाच वादकांपेक्षा स्वस्त पडू लागला, आणि वादकांचं रोजचं काम गेलं. १९७८ साली रंगभवनात जॅझ यात्रा सुरू झाली, सनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक इथं वाजवून गेला. महोत्सव हवेतच. पण महोत्सवाच्या तीन-चार रात्रींवर कुणाचा हात तयार होत नाही. तो रोज वाजवून तयार होतो, आणि रोज वाजवायला लहान जागा लागते.

न्यूयॉर्कमध्ये व्हिलेज व्हॅन्गार्ड नावाचं एक तळघर आहे. १९३५ पासून ते त्याच जागी चालू आहे, आणि जेमतेम सव्वाशे माणसं मावतात. २५ जून १९६१ च्या रविवारी बिल इव्हान्सच्या त्रयीनं तिथं केलेलं वादन ध्वनिमुद्रित झालं. ते ऐका. मागं ग्लास किणकिणतात, कुणीतरी बोलतं, आणि त्या सगळ्यातून पियानो वाट काढत येतो. स्टुडिओतल्या स्वच्छ मुद्रणापेक्षा मला ते शतपटीनं प्रिय आहे.

मुंबई, पुणे, गोवा, तिन्हीकडं अशा संध्याकाळी आजही होतात, जागा मात्र बदलत राहतात. म्हणून जागेपेक्षा वादकांचा माग ठेवा. प्रवेशाचे पैसे मागितले तर घासाघीस करू नका, कित्येकदा वादकांचा मेहनताना त्यातूनच निघतो. शक्य असेल तर ड्रमच्या बाजूला नको, पियानोवाल्याचे हात दिसतील असं बसा. जेवण आधी उरकून घ्या. आणि मध्यंतरात उठून जाऊ नका. दुसऱ्या सत्रात हात गरम झालेले असतात, आणि श्रोत्यांत बसलेल्या एखाद्या नवशिक्या मुलीला वर बोलावून तिच्या हाती ट्रम्पेट दिलं जातं ते बहुधा तेव्हाच.