फोटोसोबत काय जातं, काय मागे राहतं

रात्री उशिरा आलेला पेशंट. डोक्याला मार. सीटी स्कॅन झालाय. ड्यूटीवरचा डॉक्टर मॉनिटरसमोर फोन धरतो, एक फोटो काढतो आणि तज्ज्ञांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो: 'काही दिसतंय का?' उत्तर येतं: 'नॉर्मल वाटतंय.'

स्कॅनच्या मूळ फाइलमध्ये करड्या रंगाच्या हजारो छटा साठवलेल्या असतात. पडद्यावर एका वेळी त्यातला एकच पट्टा दिसतो. त्याला विंडो म्हणतात. मेंदूसाठी विंडोची रुंदी साधारण 80 आणि मध्य 40 ठेवतात (हे आकडे सीटीतल्या घनतेच्या मापाचे). यात हाड पांढरंफटक दिसतं, आणि कवटीला चिकटून साचलेलं पातळ रक्त त्या पांढऱ्यातच हरवतं. रुंदी 200 च्या आसपास नेली, की तेच रक्त हाडापासून सुटं दिसू लागतं. ग्रुपवरच्या तज्ज्ञाला ही रुंदी बदलता येत नाही. त्याच्या हातात फोटो आहे, स्कॅन नाही. शिवाय स्लाइस, म्हणजे स्कॅनमधला एक छेद, एकच, तीही दुसऱ्याने निवडलेली. वर ॲप फोटोचा आकार कमी करतं. छातीच्या एक्स-रेवर फुप्फुसाबाहेर साठलेल्या हवेची कड केसाएवढी बारीक असते. तपशील गेला की अशी रेघच आधी पुसट होते.

म्हणून ग्रुपवर 'नॉर्मल' हा शब्द लिहूच नये. 'या फोटोत दिसत नाही, पूर्ण स्कॅन पाठवा', एवढंच. आणि त्या मतावर उपचार ठरले, तर तशी नोंद केसपेपरवर हवी. चॅट उद्या कुणीही पुसेल.

आता हाच फोटो पुन्हा बघा. वरच्या कोपऱ्यात नाव, वय, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ. ग्रुपमधल्या कित्येकांच्या फोनवर तो आपोआप गॅलरीत उतरला, तिथून क्लाउड बॅकअपला गेला. घरातलं कुणी सुट्टीचे फोटो चाळताना तो बघू शकतं.

नाव झाकायचं, तर कसं? फोनमधल्या हायलायटरने काळं फासलं, तर उजेड वाढवल्यावर खालची अक्षरं वाचता येऊ शकतात. तो रंग अर्धपारदर्शक असतो. पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेला भाग फाइलमध्येच राहतो. क्रॉप केलेले भाग काढून टाकण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. सोनोग्राफीत तर नाव चित्रातच उमटलेलं असतं. सिस्टिममधून फाइल 'अनामिक' करून काढली, तरी अनेकदा फक्त हेडरमधली, म्हणजे फाइलला मजकूर म्हणून जोडलेली, माहिती जाते, चित्रातली तशीच राहते. खात्रीचा मार्ग एकच: आधी अनामिक निर्यात, मग अक्षरांचा भाग कापून नवी प्रतिमा, आणि पोस्ट करण्याआधी ती दुसऱ्या कुणाकडून तपासून घेणं. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

डोळ्यांवरची काळी पट्टी मात्र विसरा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही ती अपुरी मानते. चेहरा तर एमआरआयमध्येही असतो. 2019 मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 84 स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले. चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातले 70 त्यांच्या फोटोंशी अचूक जुळवले.

आणि सोशल मीडियावरच्या पोस्टमध्ये कधी मजकूरच घात करतो. 'आज सकाळी आलेली दुर्मीळ केस', वय 63, खाली डॉक्टरचं नाव आणि हॉस्पिटल. नातेवाईक एका वाक्यात ओळखतात. तारीख वगळावी, वय 'साठीतलं' लिहावं, काही महिने थांबावं. संमती उपचारांच्या संमतीपेक्षा वेगळी, लेखी, कुठे टाकणार ते सांगून घेतलेली. ऑपरेशन थिएटरच्या दारात घेतलेल्या सहीला अर्थ नाही. आणखी एक गोष्ट पेशंटला आधीच सांगावी लागते: परवानगी नंतर मागे घेता येते, पण तोवर इतरांनी उतरवून घेतलेल्या प्रती परत येत नाहीत.

पोस्ट गेली, की खाली कुणीतरी स्वतःचा रिपोर्ट टाकतं, नावासकट. 'डॉक्टर, माझंही असंच आहे का?' आधी ती कमेंट लपवायची. मग त्या माणसाला खाजगीत ठरलेला मजकूर: इथे निदान सांगता येणार नाही, हा रिपोर्ट ज्यांनी तपासणीला पाठवलं त्यांना दाखवा, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा हातापायांतली ताकद अचानक गेली असेल, तर उत्तराची वाट न पाहता आत्ताच जवळच्या इमर्जन्सी विभागात जा.