पायाची सोनोग्राफी

(दृश्य: अंबाजोगाई. सोनोग्राफी सेंटरचं दार, बाहेरचा बाक.)

‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.’ ही पाटी वाचून काकू लेकाकडं बघतात. “पाय दुखायलाय माझा, अन् हितं कशाला आणलास?”

पायातल्या रक्तवाहिन्याही याच यंत्रानं दिसतात, काकू. तपासणीचं नाव डॉपलर. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. पायासाठी उपाशी राहायचीही गरज नाही. पोटातल्या रक्तवाहिन्या बघायच्या असतील तर मात्र बहुतेक ठिकाणी उपाशीपोटी बोलावतात, म्हणून नंबर लावतानाच विचारून घ्यावं.

तपासणी जांघेपासून घोट्यापर्यंत चालते. कासोट्याचं लुगडं असेल तर सैल परकर सोबत घ्यावा. खोलीत बाईमाणूस हवं असेल तर तेही आधीच सांगावं, संकोच करत बसू नये.

(दृश्य: पोटरीवर जेल, त्यावर प्रोब, म्हणजे कातडीवर फिरवायचा यंत्राचा हातात धरायचा भाग.)

जेल गार लागतं. प्रोब आणि कातडी यांच्यात हवा राहिली तर ध्वनिलहरी आत शिरत नाहीत, म्हणून ते सढळ हातानं लावतात. मग प्रोब जरा जरा खाली सरकतो आणि डॉक्टर दर बोट-दीड बोटावर तो दाबतात. हा दाब मुद्दाम असतो. निरोगी शीर दाबली की पडद्यावर पार मिटते, सोडली की पुन्हा उघडते. आत रक्ताची गुठळी असेल तर ती मिटत नाही. तपासणीतला सगळ्यात मोठा प्रश्न एवढ्याशा दाबानं सुटतो. सुजलेला पाय दुखतो तोही इथंच. सहन होत नसेल तर तसं बोलावं.

मधेच यंत्र आवाज करतं. धमनी नाडीच्या ठेक्यावर बोलते. शिरेचा आवाज ज्वारीच्या रानात वारा शिरावा तसा, श्वासाबरोबर कमी-जास्त होणारा. वाहत्या रक्तावर आपटून परतणाऱ्या लहरींची कंपनं बदलतात, तो फरक आपण ऐकतो. ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये हे तत्त्व मांडलं ते ताऱ्यांच्या प्रकाशासाठी. काकूंची पोटरी त्यांच्या स्वप्नातही नसणार.

“लाल दिसायलंय, डॉक्टर. काही वाईट तर न्हाई ना?” लेक विचारतो. लाल म्हणजे धोका नव्हे. नेहमीच्या मांडणीत प्रोबकडं येणारं रक्त लाल, दूर जाणारं निळं, आणि डॉक्टर एक बटण दाबून हे रंग उलटेही करतात. पडद्याकडं बघून घरच्यांनी निदान करू नये, एवढंच.

फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांसाठी आलेल्यांना उभं करतात. दिवसदिवस उभ्यानं काम केलेली माणसं इथं बरीच येतात. पोटरी दाबून सोडली की बघायचं, रक्त खाली परततं का. वरवरच्या शिरेत ते अर्ध्या सेकंदाहून जास्त उलटं वाहिलं, तर शिरेतली, रक्त खाली परतू न देणारी झडप निकामी धरतात. उभ्यानं गरगरलं तर लगेच सांगावं.

सगळं मिळून साधारण अर्धा-पाऊण तास.

(दृश्य: दोन पाय शेजारी, एक सुजलेला.)

एकच पाय अचानक सुजला की आपल्याकडं आधी तेल लावून चोळतात. चोळू नका. गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. धाप लागली किंवा छातीत दुखायला लागलं, तर सोनोग्राफीच्या नंबरची वाट बघू नका, थेट मोठ्या दवाखान्याचा अपघात विभाग गाठा.