विहिरी समुद्रात गेल्या, ते बरं झालं

(नाशिकमध्ये नकाशाकाम शिकणाऱ्या मुलांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

दिंडोरी-निफाडकडच्या विहिरींची यादी घेऊन एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, सॉफ्टवेअर बिघडलंय." क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं तर नाशिकचा नकाशा कोरा. झूम मागे घेत घेत गेलो, तर सगळ्या विहिरी नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर आयलंडच्या थोडं खाली, भर समुद्रात! नाशिक साधारण २० अक्षांश, ७३.८ रेखांशावर. त्यानं एक्सच्या जागी अक्षांश दिले, वायच्या जागी रेखांश. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो ना, म्हणून बोटही तिकडेच जातं. एक्स म्हणजे रेखांश. अदलाबदल केली, विहिरी घरी आल्या.

ही चूक मला आवडते, कारण ती ओरडून सांगते. आज बोलायचंय ते मुकाट्यानं होणाऱ्या चुकांबद्दल.

त्याच यादीत गट नंबरांचा रकाना होता. सातबारा काय असतो हे इथं कुणाला सांगायला नको. पण एक्सेलला सातबारा माहीत नाही. ७/१२ लिहिलं की त्याला ती सात डिसेंबर वाटते. गट १२/३ झाला १२ मार्च. ३/४५ झाला मार्च १९४५. ४५/२ मात्र तसाच राहिला, कारण तो कुठल्याच तारखेत बसत नाही. म्हणजे एकाच रकान्यात काही गट आणि काही तारखा. यासाठी त्यानं काही टाइपसुद्धा केलं नव्हतं. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल, डबल-क्लिकनं उघडली, सेव्ह केली, संपलं. फाइल 'डेटा' टॅबमधून आत घ्या आणि त्या रकान्याला 'टेक्स्ट' म्हणून सांगा. आणि मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. हे मी दोनदा हात पोळल्यावर शिकलो.

आता ओळींचं बघू. तुमच्यापैकी कुणाचे आई-वडील टायपिंगच्या क्लासला गेले असतील तर त्यांना विचारा, ओळ संपली की काय करायचात? दांडा ओढायचा. त्या एका ओढीत दोन कामं व्हायची: कॅरेज मागे यायचं आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटरला या दोन कामांसाठी दोन वेगळे संकेत लागत, १३ आणि १०. संगणकाच्या फाइलमध्ये ओळ संपल्याची खूण म्हणून विंडोजनं दोन्ही ठेवले. युनिक्स आणि लिनक्सनं फक्त १० ठेवला. जुन्या मॅकनं फक्त १३ ठेवला होता, तो ओएस ९ पर्यंत. नंतर मॅकही १० वर आला. विंडोजच्या नोटपॅडला नुसता १० कळायला २०१८ उजाडलं, तोवर लिनक्सची फाइल त्यात एका लांबलचक ओळीत दिसायची.

क्यूजीआयएस हे सगळं बहुतेक वेळा सांभाळून घेतं. घोटाळा होतो तो मधल्या पायरीत. त्या मुलाची फाइल विंडोजवरची, आमच्याकडे उबुंटू, म्हणजे लिनक्स. मी ऑकची, म्हणजे मजकुरातल्या ओळी निवडून देणाऱ्या कमांडची, चार ओळींची स्क्रिप्ट लावली, शेवटच्या रकान्यात 'दिंडोरी' असलेल्या ओळी वेगळ्या काढायला. एकही निघाली नाही. स्क्रीनवर दिंडोरी स्पष्ट दिसतेय! अर्धा तास मी शुद्धलेखन तपासत बसलो. शेवटी 'हेक्सडम्प हायफन कॅपिटल सी' लावलं आणि बाइट बघितले. प्रत्येक 'दिंडोरी'च्या शेपटाला ०डी चिकटलेला, म्हणजे सोळाच्या मोजणीत लिहिलेला आपला १३. आणि फाइलच्या अगदी तोंडाशी तीन बाइट: ईएफ, बीबी, बीएफ. ही बॉम, म्हणजे मजकूर यूटीएफ-८ मध्ये (मराठीसकट सगळ्या लिपींची अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) आहे हे सांगणारी खूण, एक्सेलनं 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह करताना लावलेली. एक्सेलला ती हवी असते, ऑकला ती पहिल्या रकान्याच्या नावाचाच भाग वाटते. 'डॉस-टू-युनिक्स' ही कमांड दोन्ही काढून टाकते. अर्धा तास गेला तो गेलाच.

मराठी अक्षरांबद्दल थोडक्यात. नावांच्या जागी युरोपियन मात्रांची खिचडी दिसली, तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. लेयर आणताना एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. पण ओळीनं प्रश्नचिन्हं दिसली, तर फाइल साध्या सीएसव्हीत सेव्ह झालेली असते आणि अक्षरं खरोखरच गेलेली असतात. तिथं सेटिंग बदलून उपयोग नाही. ज्या फोनवर नोंदी केल्या, तो शोधा.

लिनक्सला 'Vihir' आणि 'vihir' सारखी लहान-मोठ्या लिपीतली नावं वेगळी वाटतात, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यावर वेळ घालवत नाही. कुणी पेनड्राइव्ह आणलाय का? बिघडलेली फाइल असेल तर द्या, प्रोजेक्टरवरच उघडून बघू.