डोळ्याखाली कन्सीलर भेगाळतं? पन्नाशीनंतरचा मेकअप आणि ती पावडर

नमस्कार मैत्रिणींनो. आज नवीन काही उघडून दाखवणार नाहीये, आज फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलेय, कारण गेल्या तीन व्हिडिओंखाली शब्द बदलून तोच प्रश्न येतोय. "ताई, घरातून निघताना मस्त दिसतं आणि दोन तासांनी डोळ्याखाली भेगा." "कन्सीलर लावलं की मी जास्तच दमलेली दिसते." (कन्सीलर म्हणजे डोळ्याखालचं काळं झाकायचं क्रीम.) आणि एकीने लिहिलंय, "हेच फाउंडेशन मी दहा वर्षं लावतेय, आधी छान बसायचं, आता काय झालं त्याला?" हा तिसरा प्रश्न वाचून मी थांबलेच, कारण ४६व्या वर्षी मी अगदी हेच विचारत होते. आता मी ५२ची आहे आणि उत्तर मिळालंय, म्हणून सांगते.

फाउंडेशनला काही झालेलं नाही, त्याच्या खालची त्वचा बदललीये. मेनोपॉजच्या, म्हणजे पाळी थांबण्याच्या आसपास इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि त्याच्यामागे कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, जातं, पहिल्या पाच वर्षांत साधारण ३० टक्के, म्हणजे थोडंथोडकं नाही. तेल कमी सुटतं, वरच्या मेलेल्या पेशी पूर्वीसारख्या भराभर निघून जात नाहीत, गालातली चरबी खाली सरकते, भुवया विरळ होतात, ओठांचा रंग फिका पडतो. बास, एवढंच विज्ञान.

आता बेसिक पटकन. तोंड धुवा, किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, मग दहा मिनिटं दुसरं काहीतरी काम करा, मग फाउंडेशन. हे सगळ्यांना माहितीये, पण ती दहा मिनिटं कोणी देत नाही, आणि मग "ताई, फाउंडेशनच्या बारीक वळ्या निघतात" अशी कमेंट येते. खालचं मुरलं नाही तर वरचं घसरणारच. आणि हो, फाउंडेशनच्या बाटलीवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा, लिहिलंय म्हणून सनस्क्रीन टाळू नका, तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो, तेवढं फाउंडेशन चेहऱ्यावर कोणीच लावत नाही. झालं बेसिक.

आता मुद्द्याचं. काहीही लावायच्या आधी आरशासमोर बसा आणि हसा. मोठ्ठं हसा. मग डोळे बारीक करा, मग "ई" म्हणा, "ऊ" म्हणा. (कॅमेऱ्याजवळ येत) हे बघा, इथे डोळ्याखाली घडी पडली, इथे बाहेरच्या कोपऱ्याला, इथे नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत, आणि वरच्या ओठावर उभ्या रेषा. ह्या जागा हलतात. गालाचा पुढचा भाग, नाकाच्या बाजू, कपाळाच्या कडा ह्या फारशा हलत नाहीत. मग जिथे चेहरा हलतो तिथे कमी लावायचं, जिथे हलत नाही तिथे हवं तेवढं. आणि आपण काय करतो? नेमकं उलटं! रेष दिसली की तिच्यावर अजून एक थर, म्हणजे ती झाकली जाईल. अहो, ती झाकली जात नाही, ती भरली जाते, आणि तुम्ही पहिल्यांदा हसलात की आतलं सगळं बाहेर ढकललं जातं, त्याचीच ती भेग.

डोळ्याखालचा तो त्रिकोण, व्हिडिओंमध्ये पार गालापर्यंत कन्सीलर ओढतात ना, तो आपल्यासाठी नाही. मी टाचणीच्या डोक्याएवढे दोन ठिपके देते. एक इथे, नाकाजवळच्या आतल्या खोलगट भागात, कारण काळं खरं तिथेच असतं. दुसरा बाहेरच्या कोपऱ्याच्या किंचित खाली. मधली सगळी जागा जिथे घडी पडते, तिथे थेट काहीच नाही, ह्या दोघांचं थोपटता थोपटता जे पसरेल तेवढंच. अनामिकेने थोपटायचं, घासायचं नाही, कारण तिथली त्वचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. काळेपणा जास्त असेल तर आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरचा, म्हणजे काळपट रंग मारणाऱ्या रंगीत क्रीमचा, हलका हात, मग कन्सीलर अजून कमी लागतं. फिकट शेडचं कन्सीलर थापून काळं लपत नाही, राखाडी दिसतं.

हे मी कुठे शिकले ते सांगते. ४६व्या वर्षी ऑफिसात एका मैत्रिणीचा निरोप समारंभ होता, मला बोलायचं होतं, म्हणून मी सकाळी एका बाविशीतल्या मुलीचा व्हिडिओ बघून अगदी तस्सं केलं, त्रिकोण काढला, वर पावडर फासली, दहा मिनिटं ठेवून झटकली. दुपारी एकजण काळजीने विचारते, "रात्री झोप नाही का झाली?" मी उत्तम झोपले होते. वॉशरूममध्ये जाऊन पाहिलं तर डोळ्याखाली वाळलेल्या चिखलासारखं झालेलं. रडू आलं मला. वेळ नव्हता, टिशू ओला केला, पिळला आणि डोळ्याखालचं नुसतं टिपून काढलं, जेवढं निघेल तेवढं. आणि जे उरलं ना, ते दिवसभरातलं सगळ्यात छान होतं! त्वचा दिसत होती, काळंही बऱ्यापैकी झाकलेलं होतं. तेव्हापासून मी लावून झालं की ओला करून घट्ट पिळलेला स्पंज डोळ्याखाली नुसता टेकवून उचलते, जास्तीचं तो घेऊन जातो. लावण्याइतकंच हे काढणं महत्त्वाचं आहे, आणि हे कोणी दाखवत नाही.

आता ती पावडर. बेकिंग म्हणतात त्याला, म्हणजे सैल पावडरचा जाड थर डोळ्याखाली ठेवून पाच-दहा मिनिटांनी झटकायचा. ही पद्धत रंगमंचावरून आली, तिथे तापलेले दिवे, घाम, लांब बसलेले प्रेक्षक, तिथे ती बरोबरच आहे. पावडरचं काम काय, तर तेल शोषणं. डोळ्याखाली तेलाच्या ग्रंथी मुळातच कमी, त्यात आपलं वय, मग ती शोषणार काय? जो थोडाफार ओलावा तुम्ही मॉइश्चरायझरने मिनतवारीने आणलाय तोच! म्हणून तासाभरात कातडी सुरकुतल्यासारखी दिसते, आणि मग आपण पर्समधून काय काढतो, परत पावडर. मला खरंच राग येतो ह्याचा, कारण त्या बाईला वाटतं आपलं वय झालं, आपला चेहराच गेला, आणि असतं काय तर पावडर जास्त झालेली असते. एका दुकानात मलाही "सुरकुत्या भरून निघतील" म्हणून पावडर दिली होती. पावडरने सुरकुती भरत नाही, अधोरेखित होते.

मग पावडर अजिबातच नको का? तसं नाही. कन्सीलर थोपटून झालं की एक मिनिट थांबा. घड्याळ लावून. तेवढ्यात भुवया करून घ्या. मग वर छताकडे बघा, घडीत जे जमलंय ते बोटाने पुन्हा थोपटून सपाट करा, आणि लगेच, डोळे वरच ठेवून, छोट्या ब्रशवर नावापुरती बारीक पावडर घेऊन, झटकून, फक्त त्या घडीवर टेकवा. घडी सपाट असताना पावडर बसली तर ठीक, घडी पडल्यावर बसली तर ती तिथेच अडकते. हा क्रम महत्त्वाचा आहे, थांबणं, सपाट करणं, मग पावडर. बाकी पावडर नाकावर, हनुवटीवर, जिथे खरंच चकाकतं तिथे.

एका ताईंनी विचारलंय की चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा घालून डोळ्यांचा मेकअप करता येत नाही. ह्याच्यासाठी एकेक भिंग खाली पाडता येणारे मेकअपचे चष्मे मिळतात, एक डोळा भिंगातून बघतो, दुसऱ्यावर काम करायचं. भिंगाचा आरसाही चालेल, पण तो ५ पटीच्या पुढे नको, कारण १० पटीत प्रत्येक छिद्र विहिरीसारखं दिसतं आणि हात थांबतच नाही, मग परत तेच, थरावर थर. लावायला भिंग, ठरवायला साधा आरसा, हातभर लांब, तोंड खिडकीकडे करून. हात थरथरतो म्हणणाऱ्या काकूंनी कोपर टेबलावर टेकवा आणि करंगळी गालावर, खूप फरक पडतो. आणि ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय त्यांनी डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोळ्यांना काहीही लावू नका, प्लीज.

एक कमेंट अशीही आहे, "या वयात कशाला एवढं?" नाव घेत नाही. मी एवढंच म्हणेन, मला आवडतं म्हणून. ज्या बाईला नाही आवडत तिने नाही लावलं तरी तितकंच छान. पण जिला सकाळची वीस मिनिटं स्वतःच्या चेहऱ्यासोबत घालवायची आहेत तिला वय विचारू नका.

बाकीचं भराभर. ब्लश क्रीमचं घ्या आणि हसून लावू नका, हसल्यावर गाल वर जातो, तिथे लावलं की तोंड मिटल्यावर रंग खाली येतो आणि चेहरा ओढलेला दिसतो. चेहरा सैल ठेवून गालाच्या हाडावर, कानशिलाच्या दिशेने. पापणी उतरली असेल तर डोळा उघडा ठेवून, समोर बघत आयशॅडो लावा, घडीच्या थोडं वर, नाहीतर केलेलं सगळं घडीत गडप. आयलायनरसाठी कातडी ओढू नका, सोडली की रेष वाकडी. "चाळिशीनंतर शिमर बंद" हे मला मान्य नाही, मोठे चमचमणारे कण नकोत, बारीक सॅटिन पापणीच्या मध्यावर सुंदर दिसतं. लिपस्टिक उभ्या रेषांतून वर पसरत असेल तर आधी ओठांच्याच रंगाच्या पेन्सिलने कड आखा आणि आतला अख्खा ओठही भरा, मग लिपस्टिक, मग एकदा टिश्यूने टिपा.

आणि दोन तासांनी डोळ्याखाली जमलंच तर पर्समधली पावडर काढायची नाही. स्वच्छ बोट, वर बघायचं, थोपटायचं, संपलं. फारच कोरडं वाटलं तर बोटाला मॉइश्चरायझरचा अंश लावून थोपटा.

ज्यांना अजून पटलं नाहीये, आणि मला माहितीये तुमच्यातल्या बऱ्याच जणींना पावडर सोडवत नाही, त्यांनी उद्या एक करा. एका डोळ्याखाली नेहमीसारखं करा, त्रिकोण, पावडर, सगळं. दुसऱ्याखाली दोन ठिपके आणि एक मिनिट. दोन तासांनी खिडकीपाशी उभं राहून, हसून, जवळून फोटो काढा, आणि कोणता डोळा तुमचा वाटला ते कमेंटमध्ये लिहा, मी प्रत्येक वाचते.